बाग-ए-आम आणि बिरू धनगर

आमच्या गावच्या बागेच्या फाटकाशी ग्रामपंचायतीनं मागं एक गुळगुळीत पाटी बसवली. ‘कै. सिद्रामप्पा पाटील यांच्या दूरदृष्टीतून साकारलेले सार्वजनिक उद्यान.’ ही पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. कसली दूरदृष्टी? त्या माणसाला नाकापुढचा एक शब्द धड कळला नाही, आणि त्या शब्दापायी गाव नऊ वर्षं आपल्याच बागेबाहेर उभं राहिलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

बाग मात्र झकास आहे, ते नाकारत नाही. शंभरावर आंबे, मधोमध जुना कडुलिंब, एका कोपऱ्यात कुस्तीचा हौद, पोरांना घसरगुंडी, म्हाताऱ्यांना दगडी कट्टे. वेळअमावस्येला शेतात जेवायची रीत; ज्यांना शेत नाही ती घरं तेव्हा आंबिलीचं मडकं आणि भज्जी घेऊन इथंच पंगत धरतात. नागपंचमीला कडुलिंबाला झोके लागतात. शिवाय कुंपणाच्या आतून सगळ्या बागेला वेढा घालणारी एक पाऊलवाट आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलेली मंडळी सकाळी तिच्यावरून फेऱ्या मारतात आणि तिला ट्रॅक म्हणतात. तो ट्रॅक कुणा इंजिनिअरनं आखलेला नाही. तो बिरू धनगराच्या पायांनी पडला, आणि मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल.

म्हातारा बिरू मी पाहिलाय, पण तो फारसा बोलायचा नाही. ही हकीकत त्याची बायको बानूबाई हिच्याकडून ऐकलेली. शेवटचा भाग माझ्या आईकडून, कारण त्या दिवशी ती तिथं होती.

मुलूख तेव्हा निजामाचा. आमचं गाव जळकोटापासून दोन कोसांवर. निम्मी घरं मराठी बोलणारी, निम्मी चुलीपाशी कानडी बोलणारी, आणि सरकारचा सगळा कारभार उर्दूत. गावाबाहेर गायरान होतं. त्यावर बिरूची मेंढरं चरायची, आणि पंचमीला तिथल्या कडुलिंबाला गावातल्या लेकीबाळी झोके बांधायच्या. बिरू म्हणजे पायाला भिंगरी बांधलेला माणूस. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा, तो पाऊस पडल्यावर उगवायचा. एका जागी घटकाभर बसला तर लोक विचारायचे, अंगात ताप आहे का म्हणून.

सदतीस साली निजामाच्या गादीला पंचवीस वर्षं झाली. त्या निमित्तानं आमच्या गावावरही एक हुकूम निघाला. महसुलाचा गिरदावर घोड्यावरून आला, त्यानं चावडीपुढं कागद वाचला आणि पाणीसुद्धा न पिता पुढच्या गावाला गेला. हुकूम असा, की गायरानावर ‘बाग-ए-आम’ लावावी.

आपल्याला उर्दू येतं, असा सिद्रामप्पा पाटलाचा स्वतःचा समज होता. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. तुळजापूरच्या बाजारात बागवान ‘आम लो, आम’ ओरडतात ते त्यानं ऐकलेलं. तो लोकांकडं वळून म्हणाला, “ऐकलं का? सरकारला आंब्याची बाग पायजे. आम म्हंजी आंबा.”

कुणी शंका काढली नाही. पाटलाच्या बोलण्यावर शंका काढायची आमच्याकडं रीतच नव्हती. त्या उन्हाळ्यात घराघरानं आपल्याकडच्या चांगल्यात चांगल्या आंब्याची कोय आणून दिली. कुणाचा शेपूच्या वासाचा शेप्या, कुणाचा खोबऱ्या, कुणाचा शेंदऱ्या. गायरानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं, कडुलिंब त्याच्या आत गेला. बिरूचं कुरण गेलं म्हणून पाटलानं त्यालाच बागेचा रखवालदार नेमलं आणि राहायला बागेच्या कोपऱ्यात झोपडी दिली. पण ज्याच्या दारात मेंढरं, त्याच्या हाती रोपं कशी राहायची? तेव्हा कळप धाकट्या भावाच्या हवाली करायला लावला. भाऊ कळप घेऊन गेला त्या दिवशी बिरू वेशीपर्यंत पोचवायला गेला आणि बानूबाई म्हणायची त्याप्रमाणे, परत आला तो अर्धाच.

कुंपणाच्या आत त्याचा जीव घुसमटायचा. बसवत नव्हतं, आणि जायला जागा नव्हती. मग तो कुंपणाच्या कडेकडेनं चालायचा. सकाळी चालायचा, दुपारी चालायचा, भाकरी खाताना एका हातात भाकरी घेऊन चालायचा. दुसऱ्या वर्षी गवतात वाट दिसायला लागली. चौथ्या वर्षी ती घोट्याइतकी खोल झाली. विहिरीचं पाणी घागरीनं वाहून त्यानं एकेक कोय जगवली, आणि मेंढराला ओळखावं तसं प्रत्येक रोपाला तो घरावरून ओळखायचा. “तेल्याचा शेंदऱ्या अवंदा खुजा हाय,” असं बानूबाईला जेवता जेवता सांगायचा.

सुरुवातीलाच जिल्ह्याच्या कचेरीतून एक पाटी आली होती. निळा पत्रा, वर पांढरी उर्दू अक्षरं. फाटकावर लावायची म्हणून आलेली. बिरूनं विचार केला, सरकारी वस्तू, पावसापाण्यात गंजली तर कुणाला जाब द्यायचा? त्यानं ती घोंगडीत गुंडाळून झोपडीच्या आढ्याला टांगली. दसऱ्याला तेवढी उतरवायचा, राखेनं घासायचा, झेंडूची माळ घालायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. गावात उर्दू वाचणारा कुणी नव्हता. बाहेरून कुणी वाचणारा आलाच, तर त्याला दिसू नये याची आमच्या बिरूनं अशी चोख व्यवस्था केली.

आणि राखण कशी करायची! सरकारची बाग म्हणजे काय चेष्टा आहे? फाटक म्हणजे बाभळीचा झाप, तो सदा लावलेला. सावलीला टेकायला आलेल्या वाटसरूला हाकललं. सरपणाच्या काटक्या वेचणाऱ्या म्हातारीला हाकललं. पहिल्याच पंचमीला बाया दोर घेऊन आल्या, तर हा काठी घेऊन झापापाशी उभा. बायांनी ओढ्याकाठच्या बाभळीला झोके बांधले, पण बाभळीला काटेच फार. दोन वर्षांनी गावातले झोकेच बंद पडले.

बिरूला एकच लेक, सिताबाई. त्रेचाळीस साली तिचं लग्न ढोकीच्या अंगाला एका वाडीत झालं, आणि लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ती माहेरी आली. बाप बागेचा रखवालदार. तिनं मैत्रिणींना ऐटीत सांगितलं, चला, मी बांधते झोका. दुपारी बिरू भाकरीला झोपडीत गेला होता. तेवढ्यात झाप सारून पाच-सहा जणी आत गेल्या. सितानं अंबाडीच्या वाखाचा दोर लिंबाच्या फांदीवर टाकला, गाठ मारली, आणि पहिला हेलकावा घ्यायला बसली तोच बिरू आला.

त्याच्या मनात काय होतं ते बानूबाईला ठाऊक होतं. गावातल्या लेकींना हाकलायचं आणि स्वतःचीला झोका द्यायचा? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक म्हणाले असते, आणि बिरूला ते सोसलं नसतं. त्यानं सिताला झोक्यावरून उठवलं. मैत्रिणींसमोर दोर सोडला, नीट गुंडाळला आणि तिच्या हातात दिला.

“सरकारी झाड हाय,” तो म्हणाला. “भाईर चला.”

सितानं तो दोर झोपडीच्या उंबऱ्यावर टाकला आणि त्याच संध्याकाळी सासरच्या गाडीत बसली. त्यानंतर दोन पंचम्या गेल्या, ती आली नाही. निरोप धाडला की उत्तर यायचं, कामं आहेत. बिरूनं दोर उचलून झोपडीत खुंटीला अडकवला. त्या दिवसापासून त्याचं चालणं दुपटीनं वाढलं.

नवव्या वर्षी आंबे मनासारखे लागले. पाडाला आल्यावर पाटलाची माणसं आली, टोपल्या भरल्या. काही टोपल्या अंमलदारांकडं गेल्या, बाकीच्या पाटलाच्या माळ्यावर. बिरूनं नऊ वर्षं ज्या शेप्याला पाणी घातलं, त्याचा एक आंबा त्याच्या वाट्याला आला नाही. कुंपणानंच शेत खाल्लं, असं कुणी म्हणालं नाही, कारण कुंपण बिचारं कडेकडेनं भाकरी खात फिरत होतं.

त्याच वर्षी आषाढात गावात दवंडी फिरली. दवंडी देणारा गोरोबा, खणखणीत आवाजाचा. बागेच्या कोपऱ्यावर उभा राहून त्यानं डफ वाजवला आणि ओरडला, “हर खास-ओ-आम लोकांस इत्तला हाय! बुधवारी चावडीपुढं देवी टोचनार! पोरं घिऊन यावं!”

हे ‘खास-ओ-आम’ गावानं शंभर वेळा ऐकलेलं. दवंडीच्या सुरुवातीचे शब्द कोण ऐकतो? पुढची बातमी ऐकायची. पण त्या दिवशी बिरू कुंपणाच्या आतून चालता चालता थबकला.

“गोरोबा, ह्ये आम म्हंजी काय रं?”

“तुला ठावं न्हाय? खास म्हंजी पाटील, कुलकर्णी, सावकार. आम म्हंजी तू, म्या, समदी दुनिया.”

“आंबा न्हवं?”

“आंब्याला देवी टोचत्यात व्हय?” गोरोबा खो खो हसला आणि डफ वाजवत पुढं गेला.

बिरू हसला नाही. त्यानं झोपडीत जाऊन आढ्याची पाटी उतरवली, घोंगडीसकट पाठीवर घेतली आणि जळकोटाची वाट धरली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो बाग सोडून गेला. जळकोटाला भीमाशंकर मास्तर म्हणून होते, उर्दू शिकलेले. त्यांच्या ओट्यावर बिरूनं पाटी उलगडली.

“बाग-ए-आम,” मास्तरांनी वाचलं. “छान. कुठं आहे ही?”

“आंब्याची बाग न्हवं का, मास्तर?”

“नाही. हे अक्षर बघ, याला ऐन म्हणतात. आंब्याचा आम अलिफानं लिहितात. ऐनानं लिहिलेला आम म्हणजे सगळे लोक. बाग-ए-आम म्हणजे सगळ्यांची बाग. कुणीही यावं, बसावं, खेळावं.”

बिरूनं त्या अक्षरावर बोट ठेवलं. मेंढराच्या कानाला खुणेचा काप देतात, तसा आकार होता. असला काप त्यानं हजार कानांना दिला होता. आपलं मेंढरू कोणतं ते तो लांबून ओळखायचा, आणि ही खूण नऊ वर्षं राखेनं घासून त्याला ओळखता आली नव्हती. त्यानं मास्तरांना पाटी पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा.

तो तिथनं थेट पाटलाकडं गेला. सिद्रामप्पानं सगळं ऐकून घेतलं. आधी म्हणाला, “दवंडीतला आम येगळा, बागंतला येगळा.” बिरूनं पाटीवरचा ऐन दाखवला. तेव्हा पाटील पानाला चुना लावत बसला आणि मग फार मायेनं बोलला.

“बिरू, समद्यांची बाग झाली, तर रखवालदार कशाला लागतो रं? तुजी मेंढरं बी आता तुजी न्हाईत. घरी जा. पाटी गुंडाळ आन् जिथं हुती तिथं ठिव.”

ही मात्र पाटलाची खरी दूरदृष्टी. पुढच्या उन्हाळ्यातले आंबे त्याला आषाढातच दिसत होते.

बिरू आगीतून फुफाट्यात पडला. झाप उघडावा तर पोटावर पाय. आणि लावून ठेवावा तर आता ते अजाणतेपणी झालं असं म्हणता येत नव्हतं. त्यानं दोन दिवस नुसत्या फेऱ्या मारल्या. हाकललेला एकेक माणूस त्याला आठवत होता. काटक्या वेचणारी म्हातारी तर मरूनही गेली होती, तिची माफी कुणाकडं मागायची? बानूबाई वाटेत आडवी उभी राहिली.

“अवो, बसा की वाईच.”

“बसाय येत न्हाय मला.”

“पाटलाचं काय व्हायाचं ते हुईल,” ती म्हणाली. “लेकीला काय सांगनार हाव?”

बिरूनं खुंटीवरचा दोर काढला, खांद्यावर टाकला आणि निघाला. तुळजापूर मागं पडलं, धाराशिव मागं पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सिताच्या वाडीवर पोचला. ती खुरपत होती, बांधावर तिचं तान्हं निजलेलं. बापाला बघून तिनं पदर सारखा केला, पण खुरपं थांबवलं नाही.

“बाग समद्यांची हुती, सिते,” बिरू उभ्यानंच म्हणाला. “पाटीवर लिवलं हुतं. मला वाचाय येत न्हवतं.”

“मला तरी कुटं येतंय वाचाय?” ती म्हणाली. “पर मला ठावं हुतं. त्या लिंबाला म्या पाच वर्साची असताना झोका घेतलाय. तुमीच बांदला हुता, आबा. तुमाला बी ठावं हुतं.”

बिरूनं दोर बांधावर तान्ह्याच्या उशाशी ठेवला. “पंचमीला ये म्हनायला मला त्वांड न्हाय. दोर तेवढा तुजा हाय,” म्हणाला, आणि पाणी पिऊन परत फिरला. तिनं येते म्हटलं नाही, आणि येत नाही असंही म्हटलं नाही. परतीचे दोन दिवस त्याच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

पंचमीच्या दिवशी सकाळी बिरूनं बाभळीचा झाप उखडून बाजूला टाकला. निळी पाटी फाटकाच्या लाकडाला ठोकली. आणि वाट बघत उभा राहिला.

इथून पुढचं माझ्या आईचं. ती तेव्हा नवी सून होती. झाप निघाल्याचं कळलं तशा नव्या लुगड्यातल्या दहा-बारा बायका फाटकापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. आत बिरू काठी टेकून उभा. तो “या की” म्हणाला. बायका चार पावलं मागं सरल्या. नऊ वर्षं हाकलून हाकलून त्याचा आवाजच तसा झाला होता, आई म्हणायची. तो ‘या’ म्हणाला तरी ‘चालते व्हा’ असंच ऐकू यायचं. बिरूनं काठी पाठीमागं लपवली. मग सांगायला लागला, ऐन म्हणजे काय, अलिफ म्हणजे काय. बायकांना वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. फाटक उघडं, बाग रिकामी, लिंबाची फांदी मोकळी, आणि कुणी आत पाऊल टाकेना. बिरू फाटकापासून लिंबापर्यंत आणि लिंबापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत होता. दर फेरीला ढोकीच्या वाटेकडं बघत होता. ऊन डोक्यावर आलं. काही बायका परत निघाल्या.

तेवढ्यात गाडी आली. सिताबाई उतरली, कडेवर पोर, खांद्यावर दोर. तिनं पोर बानूबाईकडं दिलं, बायकांकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं.

“आबा, तुमी भाईर व्हा,” ती म्हणाली. “तुमी आत असल्यावर कुनी येनार न्हाय.”

आई सांगायची, बिरूचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. त्या बागेतलं प्रत्येक झाड त्यानं खांद्यावर पाणी वाहून जगवलेलं. पण तो फाटकाबाहेर गेला. तो बाहेर पडला आणि बायका आत शिरल्या. कुणी आपल्या घरचा खोबऱ्या शोधायला धावली, कुणी शेंदऱ्याला हात लावून बघितला, नऊ वर्षांपूर्वी कोय दिली तिचं एवढं झाड! सितानं दोर फांदीवर टाकला. गाणी सुरू झाली.

बाहेर पाटलाचा कारभारी कल्याणप्पा येऊन उभा राहिला होता. त्यानं आत एकदा बघितलं आणि बिरूला म्हणाला, “पाटलांनी सांगितलंय. आजपास्नं तू रखवालदार न्हाईस. काठी दे.”

बिरूनं काठी दिली. झोपडी बागेची, म्हणजे तीही गेली. कळप गेलेलाच होता. कुठं जावं ते त्याला कळेना. मग पायांना जे माहीत होतं तेच ते करायला लागले. तो कुंपणाच्या कडेनं चालायला लागला, फक्त या वेळी बाहेरून. तिथं वाट नव्हती, काटे होते, तरी चालत राहिला.

सिता झोक्यावर होती. झोका वर गेला की कुंपणापलीकडं बापाचं मुंडासं दिसायचं. खाली आला की दिसेनासं व्हायचं. पुन्हा वर गेला की ते आणखी पुढं सरकलेलं. एक फेरी पुरी झाली, दुसरी सुरू झाली. तिनं पाय टेकून झोका थांबवला, बायांच्या मधून वाट काढत फाटकापाशी गेली आणि तो वळसा घालून यायची वाट बघत उभी राहिली.

“आबा, आत या.”

“म्या आता रखवालदार न्हाय, बाय. काठी नेली.”

“म्हनून तर म्हनती,” सिता म्हणाली. “आम म्हंजी तुमी बी.”

बिरू आत आला. लिंबाच्या बुडाशी गेला आणि खाली बसला, पाय लांब करून, खोडाला पाठ लावून. आई सांगायची, संध्याकाळी झोके उतरेपर्यंत तो तिथनं हलला नाही.